भुसावळचं चाचांचं गॅरेज : ग्रुपने लांब राइडला निघायच्या आधी गाड्या इथे दाखवा

रेटिंग विचाराल तर पाचपैकी पाच. कारण सांगायला जरा लांबड लागेल, पण ज्यांना मित्रांसोबत मोटारसायकली घेऊन लांब जायचंय त्यांनी पूर्ण वाचा, बाकीच्यांना नुसतं ऑइल बदलायचं असेल तर त्यासाठी एवढ्या लांब यायची गरज नाही.

रोजची सर्व्हिसिंग कुठेही होते हो. भुसावळ, जळगाव, फैजपूर, चोपडा, कुठेही जा, गल्लीगणिक एक गॅरेज सापडतं आणि बहुतेक पोरं चांगलं काम करतात. पण चार-सहा जण मिळून दोनशे-तीनशे किलोमीटर जाणार, त्यातही डोंगरात चढणार, म्हणजे सातपुड्यात तोरणमाळ, पाल, नाहीतर खाली चाळीसगावकडून कन्नड घाट, तर मग प्रश्न एका गाडीचा राहत नाही. सहातली एक गाडी जरी घाटात बसली तरी सहाही बसतात, मग अंधार पडतो, मग घाई होते आणि घाईत काय होतं ते आपल्या भागातल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी पाहिलेलं आहे. हे चाचा अख्ख्या ग्रुपला एकच गाडी समजून तपासतात. हे मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही.

गॅरेज जामनेर रोडला आहे, बोर्ड छोटा आहे, पंक्चरवाल्याला लागूनच. चाचा आणि त्यांचा पोरगा दोघंच. गाड्या आणायच्या त्या निघायच्या दिवशी सकाळी नाही, निदान दोन दिवस आधी, आणि शक्यतो सगळ्या एकदम. गेल्या गेल्या ते पान्याला हात लावत नाहीत, आधी विचारतात. कुठे चाललात, कोण कोणती गाडी चालवणार, मागे कोण बसणार, सामान किती, रात्रीचा प्रवास आहे का, परत कधी. आमच्यातला एक जण म्हणाला, चाचा तुम्ही फक्त गाडी बघा ना, तर म्हणाले बेटा मागे बायको बसणार असेल तर मागचं सस्पेन्शन वेगळं लावावं लागेल, हेडलाइट खाली घ्यावा लागेल, मग विचारू नको का? आणि बरोबरच आहे ते. मागे माणूस आणि बॅग आली की गाडीचं तोंड वर होतं, लाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि आपल्याला रस्ता दिसत नाही तो नाहीच. पाना फिरवला की दोन मिनिटांचं काम, पण एवढा विचार करतो कोण.

मग तपासणी. टायर पहिला. नुसतं अंगठ्याने दाबून हवा बघणं नाही, गेज लावतात आणि गाडी लांबून चालवत आणली असेल तर अर्धा तास उभी करायला लावतात, कारण टायर गरम असताना हवा जास्तच दाखवते. आपल्याकडे मे महिन्यात रस्ता असा तापतो की गरम टायरवर हवा बघून कमी केली तर सकाळी टायर बसलेला मिळेल. त्यानंतर टायरच्या बाजूला बारीक अक्षरात चार आकडे असतात ते टॉर्च मारून वाचतात. २२१८ असेल तर २०१८ सालचा बाविसावा आठवडा. हे मला इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असं नसतं, गाडी उन्हात उभी राहून राहून रबर कडक होतं, वर बारीक चिरा पडतात आणि ओल्या रस्त्यावर असा टायर पकडतच नाही. नक्षीच्या खोबणीत मधे मधे छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला, हेही त्यांनी पोरांना हात धरून, बोट फिरवून दाखवलं.

ब्रेकचं मात्र जवळून बघण्यासारखं होतं. मित्राच्या गाडीचं पुढचं ब्रेक ऑइल त्यांनी काढलं, काचेच्या छोट्या बाटलीत घेतलं आणि शेजारी नवीन सीलबंद डब्यातलं थोडंसं दुसऱ्या बाटलीत. नवीन होतं ते जवळपास पाण्यासारखं, किंचित पिवळसर झाक असलेलं, आणि गाडीतलं कोऱ्या चहासारखं. मित्र म्हणाला ब्रेक तर लागतो ना मस्त. चाचा म्हणाले गावात लागतो, घाटात उतरताना बघ. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, बाटलीचं झाकण उघडं ठेवलं तरी ओढतं. डॉट ४ लिहिलेलं नवीन ऑइल २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरलेलं असेल तर १५५ डिग्रीलाच उकळायला लागू शकतं. घाटात सतत ब्रेक धरून उतरलं की डिस्क तापते, तिला पकडणारा कॅलिपर तापतो, ऑइल उकळून त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते हो, ऑइलसारखा पुढे जोर देत नाही. लिव्हर हँडलला जाऊन टेकतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभीच असली तरी बदला. ते सांगत होते तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांनी आपापल्या गाडीच्या हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीकडे वाकून बघितलं.

चेनचंही तसंच. आपल्याकडे चेन एका जागी दाबून बघतात आणि टाइट करतात. इथे गाडी सेंटर स्टँडवर घेऊन चाक हळूहळू फिरवतात, आणि जिथे सगळ्यात घट्ट लागते ती जागा खडूने खूण करून तिथे ढील मोजतात. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही ना. सैल जागेवर टाइट केली तर घट्ट जागी ताण येतो, बेअरिंग जातं. माझ्या गाडीची घट्ट जागा सापडली ती नेमकी चेनच्या लॉकच्या जवळ, त्यांनी मला स्वतः फिरवायला लावलं, हाताला कळतं खरोखर, एका जागी चाक जड होतं.

आता ज्या गोष्टीवरून लोक नाराज होऊन एक स्टार देतात ती. चाचा गाडी नापास करतात. आमच्या एका मित्राच्या जुन्या पल्सरचा मागचा टायर बघून त्यांनी सरळ सांगितलं, ही गाडी तोरणमाळला नाही जाणार. मित्र म्हणाला आल्यावर टाकतो ना नवीन, पगार झाला की. नाही. बरं मी हळू चालवीन. नाही. मग शेवटी म्हणाला चाचा गाडी माझी आहे. तर चाचा म्हणाले गाडी तुझी आहे रे, पण तुझ्या मागे जो येतोय तो कोणाचा तरी आहे. आवाज नाही चढवला, राग नाही, नुसतं सांगितलं आणि पुढची गाडी घेतली. मित्र दोन दिवस फुगून होता. मग आम्ही सगळ्यांनी मिळून पैसे घातले आणि टायर टाकला. टायर त्यांच्याकडून घेतला नाही, बाहेरून आणला, त्यांनी बसवून दिला फक्त, म्हणजे माल विकायसाठी नापास करतात असं जे कोणी दुसऱ्या रिव्ह्यूत लिहिलंय ते खरं नाही.

हे एवढं कौतुक का करतोय, तर याआधी एका दुसऱ्या गॅरेजमध्ये, नाव घेत नाही, लांबच्या ट्रिपआधी फुल सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. बिल मोठं, गाडी पॉलिश करून चकचकीत. निघालो आणि मुक्ताईनगरच्या पुढे मागून खडखड आवाज यायला लागला, थांबून बघितलं तर मागच्या चाकाचा नट हाताने फिरत होता. त्या दिवशी काही झालं नाही हे नशीब. तेव्हापासून मला कळलं की चकचकीत गाडी आणि तयार गाडी यात फार अंतर आहे. चाचा प्रत्येक महत्त्वाचा नट आवळला की त्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पेट्रोल भरायला थांबलात की खाली वाकून रेघ बघायची, झालं. पाच रुपयाचा रंग नसेल तो, पण रोज रात्री मुक्कामाला मी आधी रेघा बघतो, मग चहा.

गाड्या झाल्या की माणसं. हा भाग फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. शेवटी सगळ्यांना गोळा करून ते लाइन लावून देतात. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला आणि डोकं थंड असलेला, जोरात चालवणारा नाही. दुसऱ्या नंबरला सगळ्यात नवीन किंवा सगळ्यात हळू चालणारा, म्हणजे पुढचा आरशात त्याला बघून स्पीड ठेवतो. आपल्याकडे उलटं होतं, नवीन पोरगा शेवटी पडतो, पुढचे दिसेनासे झाले की घाबरून त्याच्या कुवतीच्या बाहेर पळवतो, आणि वळणावर जातो. सगळ्यात शेवटी मेकॅनिकल समजणारा, टूल किट आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, तो पुढे आला म्हणजे सगळे पुढे आले. सरळ रस्त्यावर एक डावीकडे एक उजवीकडे असं तिरकं चालायचं, पुढच्यापासून निदान दोन सेकंदाचं अंतर, आणि घाटात एकामागे एक, तिथे तिरकं वगैरे बंद, कारण वळणावर प्रत्येकाला रस्त्याची पूर्ण जागा लागते. आणि फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या एकाची काळजी घ्यायची. एवढं एक पाळलं तरी कोणी हरवत नाही, आणि कोणाला फोन करत बसावं लागत नाही, करणार तरी कसा, धडगावकडे वर चढलं की बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते.

याच्यात एक भर पडली ती गेल्या हिवाळ्यात. आमच्या मित्राचा मावसभाऊ, मूळ सावद्याचा, अमेरिकेत मिनेसोटाला असतो, लग्नाला आला होता तर आमच्यासोबत तोरणमाळला यायचं म्हणाला. तो तिकडे थंडीत मित्रांसोबत स्नोमोबाईलवर लांब लांब फिरतो. म्हणजे बर्फावरची गाडी, पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा फिरतो, आणि तिकडे त्यांच्यासाठी जंगलातून, शेतांच्या कडेने, गोठलेल्या तळ्यांवरून ट्रेल आखलेल्या असतात, एकट्या मिनेसोटात वीस हजार मैलांच्या वर, आणि त्यातल्या बहुतेक गावोगावचे क्लबवाले सांभाळतात. तो गॅरेजला बसला आणि चाचांचं लाइन लावणं ऐकून एकदम उठून बसला, म्हणाला अहो आम्ही पण हेच करतो. मग दोघांचं जे जमलं, चहावर चहा, आम्ही नुसते ऐकत बसलो.

तो सांगत होता की त्या गाडीला ब्रेक फक्त मागच्या पट्ट्याला असतो, पुढच्या स्कीला काही नाही, त्यामुळे बर्फावर थांबायला बरंच अंतर लागतं. पुढची गाडी बर्फाचा भुगा उडवते तो इतका की मागच्याला काहीच दिसत नाही, म्हणून दोघांत भरपूर अंतर. चाचा म्हणाले आमच्याकडे उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर फुफाटा, तसंच. त्यांच्याकडे एक दोरी असते, एक टोक अंगावरच्या जॅकेटला, एक गाडीला, माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं, गाडी एकटी पळत जात नाही. प्रत्येकाजवळ इंजिनचा जोर मागच्या पट्ट्याकडे नेणारा एक जादा बेल्ट असतोच, कारण जंगलात तुटला तर दुकान कुठलं. गोठलेल्या तळ्यावर नवीन स्वच्छ बर्फ निदान पाच ते सात इंच जाड असल्याशिवाय गाडी घालायची नाही असं तिथलं सरकारी खातं सांगतं. आणि १९७६ नंतर जन्मलेल्यांना तिथे सेफ्टीचा कोर्स करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्याने स्वतः केलाय. रात्रीचं तो जे बोलला ते माझ्या डोक्यात बसलंय, की हेडलाइट जिथपर्यंत पोचतो त्याच्या आत तुम्हाला थांबता आलं पाहिजे, नाही थांबता येत तर तुम्ही आंधळेपणाने चालवताय. आपल्याकडे बर्फ नाही पण ऊसाची ट्रॉली आहे ना. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, रस्त्याच्या मधोमध पंक्चर होऊन उभी, मागे चार दगड लावलेले. शहादा-शिरपूर पट्ट्यात हंगाम सुरू झाला की हेच. केळीच्या गाड्या, कापसाचे ट्रॅक्टर वेगळेच. ५५-६० च्या वर रात्री कशाला न्यायची मग, आणि शक्यतो रात्रीचं निघूच नये.

पण सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे त्याचा हाताचा इशारा. अरुंद ट्रेलवर समोरून दुसरा ग्रुप आला की जाता जाता बोटं दाखवतात, माझ्या मागे अजून तीन, मागचा दोन दाखवतो, त्याच्या मागचा एक, आणि सगळ्यात शेवटचा मूठ वर करतो, म्हणजे संपले, आता रस्ता तुझा. चाचांना ते इतकं पटलं की तिथल्या तिथे आम्हाला रांगेत उभं करून करायला लावलं. घाटात थ्रॉटलचा, म्हणजे रेस द्यायचा, हात सोडता येत नाही म्हणून डावा हात, आणि वळणाच्या आत नाही, वळण संपून सरळ झाल्यावर.

डिसेंबरात निघालो आम्ही, भुसावळहून पहाटे नाही, मुद्दाम ऊन पडल्यावर, कारण तापीच्या पुलावर आणि यावलच्या अलीकडे सकाळी धुकं असतं आणि पुढची गाडी वीस फुटांवर आली तरी दिसत नाही. यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, बऱ्हाणपूर-अंकलेश्वरचा रस्ता, चोपड्याला नाश्ता, शिरपूरला शेवभाजी. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा चालू होती म्हणून शहाद्याच्या आसपास गर्दी बरीच, घोडे घेऊन चाललेले टेम्पो, पायी माणसं, तिथे आम्ही लाइन मोडून एकेक करून निघालो आणि म्हसावदला परत जमलो. तिथून राणीपूर, आणि मग घाट. सात पायरी घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, वळणावर वळण एकावर एक रचल्यासारखी, खालून वर बघितलं की वरच्या वळणावरची जीप आपल्या डोक्यावर चाललीय असं वाटतं.

तिथे वरून एक जीप आली, टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं. जीपवाला वळणावर अडला, कारण त्याला दिसेना आमच्यातले किती आहेत. घाटात वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम आहे, पण पाळायला आधी कळायला तर पाहिजे किती जण चढतायत. आमच्या पुढच्याने पाच बोटं दाखवली, मग चार, तीन, मी दोन दाखवली, माझ्या मागच्याने एक, आणि शेवटच्याने मूठ वर केली. जीपवाल्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण मूठ बघताच त्याने गिअर टाकला आणि निघाला. हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. परत येताना खालच्या एका वळणावर एसटी आली तेव्हाही हेच. मला वाटतं आपल्या सगळ्या ग्रुपवाल्यांनी हे सुरू करायला हवं, गौताळ्यात, पालच्या रस्त्याला, सगळीकडे, एक पैसा लागत नाही.

उतरताना चाचांचं दुसरं सांगणं कामी आलं. आपल्याकडे अजून बरेच जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही तर चावीच बंद करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. असं करू नका हो. गिअर नसला की सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि मग ते वर सांगितलेलं उकळणं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, सेकंड तर सेकंड, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाच्या आधी, सरळ असताना, दाबा आणि सोडा. आणि हल्लीच्या एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये थ्रॉटल पूर्ण सोडून गिअरमध्ये उतरताना इंजिनला पेट्रोल जाणंच बंद होतं, त्यामुळे न्यूट्रल करून वाचणार काय? ज्या मित्राचं ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं निघालं होतं त्याने खाली राणीपूरला थांबल्यावर स्वतःहून डिस्कजवळ हात नेला, लांबूनच धग लागत होती, आणि लिव्हर मात्र पहिल्यासारखा कडक. तो काही बोलला नाही, पण चाचांना फोन त्यानेच लावला.

वर तोरणमाळला थंडी चांगलीच लागते, समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची आहे, यशवंत तलावाच्या कडेला सकाळी बोटं आखडतात. हातमोजे पातळ घेऊ नका, बोटं बधिर झाली की ब्रेकचा लिव्हर हाताला कळत नाही. हेही चाचांचंच. हेल्मेटचंही ते बघतात, आयएसआय नसेल तर तोंडावर सांगतात, आणि पट्टा लावून हेल्मेट मागून वर ओढून बघतात, डोक्यातून निघालं तर साइज चुकीची.

दारूचा विषय ते एकदाच काढतात. रात्री मुक्कामाला प्यायची असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघायचं नाही, आणि गाडीवर असताना दिवसा थेंब नाही, ज्याला जमत नाही त्याच्या गाडीला हात लावणार नाही. सावद्याच्या भावाने पण सांगितलं की त्यांच्याकडे बर्फावर जीव जातात त्यात स्पीड, रात्र आणि दारू हेच असतं बऱ्याचदा. आमच्या ग्रुपमध्ये यावरून एक जण कमी झाला. चालेल.

आता कमी काय आहे तेही लिहितो, नाहीतर जाहिरात वाटेल. बसायला जागा नाही, एक बाकडं आहे त्यावर पार्ट ठेवलेले असतात, उन्हाळ्यात तर उभं राहवत नाही. वेळ सांगतात त्यापेक्षा कायम उशीर होतो, संध्याकाळी पाच म्हणाले तर आठ धरा. फोन उचलत नाहीत, पोराच्या नंबरवर लावा. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि एफआय गाडीचा स्कॅनर त्यांच्याकडे नाही, मीटरवर इंजिनचा लाइट लागला असेल तर ते स्वतःच सांगतात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ने, हे माझ्याकडे होणार नाही. मला तर हा चांगुलपणा वाटतो, उगाच उघडून ठेवत नाहीत, पण नवीन गाडीवाल्यांना दोन ठिकाणी फिरावं लागतं हे खरं. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरचंही तेच, साफ करून देतात, पुढचं नाही.

खर्चाचं म्हणाल तर नुसत्या तपासणीचे आमच्याकडून गाडीमागे अडीचशे घेतले, पार्ट आणि ऑइल वेगळं, पार्टची रिकामी पाकिटं आणि जुने काढलेले पार्ट पिशवीत घालून हातात देतात. जाताना शेवटच्या गाडीसाठी एक पिशवी भरून देतात, क्लच केबल, प्लग, ट्यूबचं पंक्चर किट, छोटा पंप, बल्ब, इन्सुलेशन टेप, तार. जे वापराल त्याचे पैसे, उरलेलं परत. आम्ही क्लच केबल वापरली, शहाद्याच्या पुढे एकाची तुटली होती, रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली बसून बदलली, बाकी पिशवी तशीच परत केली आणि त्यांनी हिशोब करून केबलचेच पैसे घेतले.

दिवाळीच्या आधी आणि यात्रेच्या दिवसांत गर्दी फार असते, तेव्हा आठवडाभर आधी सांगून ठेवा. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी दोन-अडीच तास बंद असतं, तेव्हा जाऊन परत फिरू नका. आणि जाताना सगळ्यांनी मिळून जा, एकट्याने गाडी टाकून आलात तर ते बाकीचे कुठे आहेत विचारून परत पाठवतात.